‘आगि’ तिथे एलवाय

माझा भाचा कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूरला मराठी माध्यमात दहावीला आहे. इंग्रजीच्या वहीत ‘ब्यूटिफुली’ हवं तिथेही ‘शी सिंग्ज ब्यूटिफुल’. त्याचा तरी काय दोष? मराठीत ‘छान मुलगी’ आणि ‘छान गाते’, दोन्हीकडे छानच. विशेषण नामाचं, क्रियाविशेषण क्रियापदाचं, ही व्याख्या तोंडपाठ. लिहिताना उपयोग शून्य.

शेवटी कन्नड कामी आलं. ते तर तो शाळेत शिकतोच. ‘सुंदरवाद हूवु’ म्हणजे सुंदर फूल, पण सुंदर गाते म्हणताना ‘सुंदरवागि हाडुत्ताळे’. म्हटलं, कन्नडमध्ये ‘आगि’ आलं की इंग्रजीत शब्दाच्या शेवटी एलवाय (-ly) लावून बघ. पोरगं पटापट लिहायला लागलं.

गाडी अडली ती कुंद्यापाशी, म्हणजे बेळगावच्या त्या मिठाईपाशी. कन्नडमध्ये ‘कुंदा चेन्नागिदे’ (कुंदा छान आहे), म्हणून याने ठोकून दिलं ‘द कुंदा टेस्ट्स नाइसली’. इथे ‘आगि’ चक्क फसवतं. अशा वेळी क्रियापद काढून ‘इज’ घालायचं. ‘द कुंदा इज नाइस’ जमतं ना? मग ते कुंद्याचं विशेषण, एलवाय नको. लुक, स्मेल, फील यांनाही हीच कसोटी. ‘शी टेस्टेड द कुंदा स्लोली’मध्ये मात्र ‘इज’ बसत नाही. तिथे ती खरोखर चाखतेय.

उरले चुकार शब्द. फ्रेंडली एलवाय असून विशेषण, फास्ट दोन्हीकडे तसंच, आणि हार्डली म्हणजे जेमतेम. ‘माय फादर वर्क्स हार्डली’ लिहिलंस तर बाबांना कामचुकार ठरवशील, असं सांगितलं. हे तिन्ही आता वहीच्या पुठ्ठ्यावर आहेत.