मार्कलिस्ट नंतर, आधी जनरल रजिस्टर बघा

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. खिडकीशी येणारे पालक शंभरातले नव्वद वेळा गुणांचं विचारतात. पण गुणांची चिंता दोन-तीन वर्षांत विरते. माणसाला पन्नाशीपर्यंत पळवते ती रजिस्टरमधली एक ओळ, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

मूल शाळेत दाखल झालं की जनरल रजिस्टरमध्ये त्याची ओळ पडते. रजिस्टर नंबर, मुलाचं आणि आईवडिलांचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. शाळा सोडताना त्याच ओळीत तारीख, कारण, प्रगती, वर्तणूक. बोनाफाईड (मूल या शाळेत शिकतं याचा दाखला), शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचा फॉर्म, सगळं या ओळीवरून उतरतं. आणि ही ओळ तरी आमची कुठे असते? पाचवीला किंवा आठवीला मूल येतं तेव्हा जिल्हा परिषद शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच आम्ही लिहितो. पहिलीत गुरुजींनी 'सुरेखा'ची 'सुलेखा' केली असेल, तर ती आमच्याकडेही सुलेखाच.

तेव्हा पहिलं काम: मूल नववीत असताना शाळेत या आणि रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघा. नुसतं तोंडी विचारलंत तर मीही घाईत 'बरोबर आहे' म्हणेन. दुपारच्या सुट्टीत येऊ नका, तेव्हा खिडकीशी मुलांचीच गर्दी असते. येताना नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणा. 'आधारवर बरोबर आहे ना' हे मला रोज ऐकावं लागतं. पण आधारवरून जन्मतारीख ठरत नाही. आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण जन्माची नोंद नसली की गुरुजी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे व्हायचे. आता ती सोय नाही.

चूक सापडली तर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा, जन्मदाखला आणि सांगतील तसं प्रतिज्ञापत्र जोडा. नाव, जात किंवा जन्मतारीख मुख्याध्यापक आपल्या अधिकारात बदलू शकत नाहीत. प्रस्ताव माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, मंजुरी आली की आदेश क्रमांक लिहून दुरुस्ती होते. खाडाखोड, व्हाइटनर असलं काही रजिस्टरात चालत नाही. 'मॅडम, एवढा एक काना द्या ना' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हे सगळं मूल शाळेत असतानाच करा. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली नोंद बदलायला माध्यमिक शाळा संहितेचा, म्हणजे शाळांच्या सरकारी नियमावलीचा, नियम आडवा येतो. लिहिण्यातली उघड चूक असेल तर ती नंतरही दुरुस्त करता येते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. तरी त्या वाटेने गेलेल्या माणसाला विचारा किती चपला झिजल्या.

दहावीचा फॉर्म ऑनलाइन भरला की प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, येते. तिच्यावर विद्यार्थ्याची सही घेतात. मुलं मैत्रिणीशी बोलता बोलता सही करतात. त्याआधी आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि विषय नीट वाचायला सांगा. दीपालीच्या इंग्रजी स्पेलिंगात दोन 'ई' की एक 'आय', हिंदी पूर्ण की संयुक्त (दुसऱ्या भाषेबरोबर अर्धी), हे तिथेच पकडलं तर शाळेतच निभावतं. नंतर विभागीय मंडळाच्या फेऱ्या आल्या.

आता गुणांकडे. आठवीपर्यंत प्रगतीपुस्तकावर श्रेणी असते. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, मग ब-१, ब-२ अशी दहा-दहाने खाली. पाचवी-सहावीत वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला निम्मं वजन असतं आणि परीक्षेला, म्हणजे संकलितला, निम्मं. सातवी-आठवीत ते ४० आणि ६० होतं. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांचे गुण मिळून बरीचशी मुलं अ आणि ब मध्ये बसतात. मग नववीत पहिल्या सत्राचा पेपर हातात आला की घरात भांडण. मूल बिघडलं नसतं, मोजायची पट्टी बदललेली असते. म्हणून आठवीची श्रेणी बघून नववीच्या गुणांचा अंदाज बांधू नका, आठवीचे लेखी पेपर मागून बघा.

दहावीला सहा विषय, प्रत्येकी १००. लेखी ८० आणि तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत २०. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांच्या ८० चे चाळीस-चाळीसचे दोन पेपर. टक्केवारी मात्र ६०० वर निघत नाही, सर्वोत्तम पाच विषयांवर निघते. समजा मराठी ८२, हिंदी ७४, इंग्रजी ६१, गणित ५८, विज्ञान ७०, सामाजिक शास्त्रे ७७. सहांची बेरीज ४२२, म्हणजे ७० टक्क्यांच्या थोडं वर. गणित बाजूला ठेवलं की पाचांचे ३६४, भागिले ५००, झाले ७२.८०. पण बाजूला ठेवणं फक्त टक्केवारीपुरतं. पास सहाही विषयांत व्हावं लागतं. 'बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, गणित सोडलं तरी चालतं' असं मुलांना सांगणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका.

यात चित्रकला, शास्त्रीय कला, लोककला आणि खेळाचे वाढीव गुण मिळतात. वरच्या उदाहरणातल्या मुलीला इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेतल्या ब श्रेणीचे ५ मिळाले तर ३६९, म्हणजे ७३.८०. दरवर्षी पेपरात शंभर टक्केवाल्यांचे फोटो येतात ना, त्यांतही बहुधा या गुणांचा हात असतो. हे गुण आपोआप लागत नाहीत. शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो आणि मूळ प्रमाणपत्र दाखवावं लागतं. कपाटातल्या फाइलीत प्रमाणपत्र पडून राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

७५ ला प्राविण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, पण राहिलेले विषय सोडवावेच लागतात. पेपर चुकीचा तपासला असं वाटत असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषयशिक्षकांना दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाला जा. छायाप्रतीशिवाय पुनर्मूल्यांकन नाही आणि ती हातात आल्यापासून दिवस मोजकेच असतात. नुसत्या गुणपडताळणीत पेपर पुन्हा तपासत नाहीत, बेरीज आणि राहून गेलेले प्रश्न बघतात.

निकालानंतर मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेताना काउंटरवरच वाचा. दाखला मूळ एकदाच मिळतो. हरवला तर अर्ज करून दुय्यम प्रत, तिच्यावर तसा शिक्का. कॉलेजात जमा करण्याआधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. लॅमिनेशन अजिबात करू नका, पुढे त्यावर शिक्का किंवा शेरा मारायचा झाला तर पंचाईत होते.

जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद हवी असेल तर ती आमच्याकडे नाही, त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेत मिळेल. प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या त्यांच्या ओळीची नक्कल, मागा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद लागते, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीची, अनुसूचित जातींसाठी १९५० च्या आधीची. जाताना आजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे जन्मसाल घेऊन जा. 'आमच्या आजोबांचं बघा' एवढ्यावर जुन्या वह्या कुणी काढत नाही, आणि त्या काळी आडनाव न लिहिता नुसतं नाव आणि बापाचं नावही लिहिलेलं असतं.