इंग्रजी फाडफाड, पण धडा कळत नाही

अमेरिकेत आलेलं तिसरी-चौथीतलं मूल वर्षा-दोन वर्षांत मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलतं आणि आईबाबांचा जीव भांड्यात पडतो. गफलत इथेच होते. बोलण्याची इंग्रजी आणि धड्यातली इंग्रजी वेगळी, हे कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं. बोलण्याची साधारण दोन वर्षांत येते. धड्यातल्या इंग्रजीत वर्गाची बरोबरी गाठायला पाच ते सात वर्षं लागतात.

शाळाप्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो. त्यात मराठी लिहा. मूल मागच्या बाकावर जाईल या भीतीने 'इंग्रजी' लिहिलं, तर इंग्रजीची चाचणीच होत नाही आणि जादा मदत हुकते. चाचणीत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांचे गुण वेगवेगळे मिळतात. नुसता एकूण आकडा पाहू नका. बहुतेकदा बोलणं वर असतं आणि लिहिणं खाली.

घरी विज्ञानाचा धडा आधी मराठीत बोला. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचला, आतले थेंब दाखवा आणि विचारा, हे पाणी आलं कुठून? उत्तरात 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' येईपर्यंत मुलाला बोलू द्या. मग तेच इंग्रजीत तीन वाक्यांत लिहायला सांगा. कल्पना डोक्यात पक्की असली की शिकायचा उरतो तो फक्त नवा शब्द. उलट आईबाबाच मोडक्या इंग्रजीवर आले, की घरातलं बोलणं 'जेव, झोप, होमवर्क कर' एवढ्यावर येतं. नुकसान होतं ते यातून, मराठीतून नव्हे.

गणितात ओळखीचेच शब्द दगा देतात. ९ आणि ४ यांचा 'डिफरन्स' (वजाबाकी) विचारला, की मूल 'एक मोठा, एक लहान' असं लिहितं. 'टेबल' (तक्ता) आणि 'प्रॉडक्ट' (गुणाकार) यांचंही तेच. अशा शब्दांची वही करा, आठवड्याला पाच पुरेत. स्वल्पविरामही बदलतो: आपले १,००,००० तिकडे १००,००० होतात. मराठीत पाठ असलेले पाढे मात्र मोडू नका.

वाचलेली गोष्ट मुलाला मराठीतही सांगता येत नसेल, तर दोष इंग्रजीचा नसावा. शाळेला लेखी कळवून शिकण्यातल्या अडचणीची तपासणी मागा. शक्य असेल तिथे ती मुलाच्या भाषेतही करायला अमेरिकेतला कायदा सांगतो.