महागडी पर्स घ्यायचीय? आधी हप्ते भरा, मग पर्स घ्या : या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या आधी भाचीचा फोन आला. मी ऑफिसात बोनसच्या याद्या तपासत बसले होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी बघते, आणि दिवाळीच्या तोंडावर मान वर करायला फुरसत नसते. पण तिचा आवाज इतका खुललेला होता की फोन ठेववेना.

"मावशी, बघ की, बेचाळीस हजारांची पर्स आहे. महिन्याला फक्त सात हजार. घेऊ का?"

मी नाही म्हटलं नाही. मलाही चांगल्या पर्सची आवड आहे, कडेची बारीक शिलाई आणि चेनची सफाई मी दुकानात उलटसुलट करून बघते. हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात, पण हौसेचं बिल येतं आणि त्यावर तारीख असते. म्हणून एवढंच म्हटलं, "घे, पण रविवारी येताना कार्डाचं स्टेटमेंट घेऊन ये."

त्या रविवारी जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी आम्ही दोघी दोन तास हिशेब करत बसलो. त्या दोन तासांत सापडलेल्या आणि मी स्वतः केलेल्या चुका इथे लिहिते आहे.

"मिनिमम ड्यू भरतेय ना मी!"

स्टेटमेंटवर मार्चमधली एक जुनी पर्स होती, १८,००० रुपयांची. भाची दर महिन्याला न चुकता पैसे भरत होती आणि त्याचा तिला अभिमान होता. पण भरत होती ती 'मिनिमम ड्यू', म्हणजे थकबाकीच्या साधारण ५ टक्के.

आता हिशेब बघा. बऱ्याच कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. १८,००० वर व्याज ६३० रुपये, जीएसटी धरून ७४३. तिने भरलेले ९००. म्हणजे मुद्दलातून सुटले फक्त १५७ रुपये! सात महिन्यांत तिने सुमारे ६,१०० रुपये भरले होते आणि बाकी होती जवळजवळ १६,९०० रुपये. तिने तो आकडा दोनदा वाचला आणि मोबाईल उलटा ठेवला. तिला दटावायची वेळ नव्हती ती. ती आळशी नाही, उधळीही नाही. 'मिनिमम' हा शब्द वाचून तिला वाटलं की एवढं भरलं की झालं. असं वाटणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात.

याच चुकीच्या पोटात आणखी एक चूक असते. बाकी मागे राहिली की कार्डावरची बिनव्याजी मुदत जाते. मग त्याच कार्डावर पेट्रोल भरा, किराणा भरा, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. भाचीची पर्स मार्चमध्येच कपाटात गेली होती आणि व्याज मात्र ऑक्टोबरातल्या साखर-तेलालाही लागत होतं.

त्या रात्री कागदावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहून मी तिला दाखवले. बेचाळीस हजार कार्डावर थकवले तर साडेतीन टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज १,४७० रुपये, जीएसटी वेगळा. आणि तेच बेचाळीस हजार जमवायला दरमहा ३,५०० ची वर्षभराची आरडी (बँकेत दर महिन्याला भरायची ठेव) केली, साडेसहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाअखेरीला व्याज मिळतं सुमारे १,४८०. बँकेकडून वर्षभरात जेवढं मिळतं, तेवढंच बँक आपल्याकडून एका महिन्यात घेते. पर्स तीच आहे. हप्ते पर्सच्या आधी भरायचे की नंतर, एवढाच फरक आहे.

'नो कॉस्ट ईएमआय' फुकट समजणं

बिनव्याजी हप्ता असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्ट अस्तित्वातच नाही. होतं असं, की बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, त्यामुळे बेरीज सारखी दिसते. पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो आणि बरेचदा प्रोसेसिंग फीही.

भाचीच्या पर्सचं आम्ही करून पाहिलं. ७,००० चे सहा हप्ते, बँकेचं व्याज वर्षाला १६ टक्के धरलं तर व्याजाचा भाग साधारण १,९०० येतो. त्यावर जीएसटी ३४०, आणि १९९ रुपये फी अधिक तिचा जीएसटी. वरखर्च पावणेसहाशेच्या घरात. रक्कम मोठी नाही, मला माहीत आहे. पण 'रोख दिले तर काय कमी कराल?' हा प्रश्न ईएमआय घेणारी बाई विचारतच नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं. शिवाय बेचाळीस हजारांकडे बघून जो हात थबकला असता, तो सात हजार ऐकून थबकत नाही.

सूट बघून घेणं

ही माझी चूक. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मॉलमध्ये विक्रेत्या मुलीने सांगितलं, "मॅडम, शेवटचा पीस आहे, उद्या मिळणार नाही." सोलापूरला यायला संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची होती, हातात अर्धा तास होता. घेतली. तीन आठवड्यांनी तीच पर्स त्याच दुकानाच्या ऑनलाइन पानावर चाळीस टक्के सुटीत, हव्या त्या रंगात. परत करायची मुदत संपली होती. गाडी पकडायच्या घाईत मोठी खरेदी करायची नाही, हा नियम मी त्या दिवशी स्वतःला घालून घेतला आणि आजवर मोडलेला नाही.

सोलापुरात या बड्या ब्रँडची दुकानं नाहीत. बघायचं तर पुणे-मुंबई, नाहीतर मोबाईल. त्यामुळे आपण एकतर घाईत घेतो किंवा न बघता घेतो. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आउटलेटमधला माल नेहमी मुख्य दुकानातला उरलेला नसतो. काही ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलका माल बनवतात, आणि लेबलवर खोडलेली 'मूळ किंमत' बरेचदा कुणीच कधी दिलेली नसते. दुसरं, लुई व्हिताँसारखा ब्रँड सेल लावतच नाही. त्याच्या नावावर सत्तर टक्के सूट दिसली की ती पर्स नकली आहे, पुढे विचार करायची गरज नाही.

'फर्स्ट कॉपी'बद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं गुन्हा आहे. शिवाय तीन-चार हजार घालून वर्षभरात सोलणारं रेक्झिन घेण्यापेक्षा त्याच पैशांत साधी, बिननावाची पण अस्सल चामड्याची पर्स मिळते.

"ही गुंतवणूक आहे"

एर्मेस या फ्रेंच ब्रँडने अभिनेत्री-गायिका जेन बर्किनसाठी बनवलेली पहिली बर्किन पर्स जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. ही बातमी भाचीने मला दाखवली होती. पण त्या एका पर्सला इतिहास होता. आपण घेतो त्या बहुतेक पर्सची किंमत दुकानाबाहेर पाऊल टाकताच उतरते. ज्यांना गुंतवणूकच करायची आहे त्यांच्यासाठी सराफ कट्टा आहे, बँक आहे. पर्स ही हौस आहे आणि हौस म्हणूनच ती घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. (१० लाखांवरच्या हँडबॅगवर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने घ्यायचा आगाऊ आयकर, वसूल केला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो. आपल्यातल्या फारच थोड्यांना त्याचं काम पडेल.)

पर्सचा दिवस कसा जाणार, हे न बघणं

माझ्या त्या पर्सचा रोजचा दिवस सांगते. सकाळी ती ॲक्टिव्हाच्या हुकला लटकायची. सात रस्त्याच्या सिग्नलला बसचा धूर, पुढे एमआयडीसीपर्यंत धूळ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, तळहाताला घाम. फिकट चामड्याचे बंद दोन उन्हाळ्यांत काळे पडले. रंग-प्रक्रिया न केलेलं चामडं घाम आणि पाणी पितं, हे घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

एके दिवशी डब्यातली शेंगा चटणी कलंडली. आपली चटणी कोरडी दिसते, पण कुटताना सुटलेलं तेल असतंच. आतल्या मऊ अस्तरावर तळव्याएवढा तेलाचा डाग पडला. टाल्कम पावडर लावून रात्रभर ठेवली, थोडं तेल ओढलं गेलं, डाग राहिला. त्यानंतर डबा मी टॉवेलच्या कापडाच्या पिशवीत न्यायला लागले आणि पर्स रिकामीच सोबत यायची. मग तिचं काम काय उरलं?

घेण्याआधी आठवडाभर लिहून काढा : पर्समध्ये काय काय असतं, ती कुठे टेकते, कशावर लटकते. वर्षातल्या पाच लग्नांसाठी हवी असेल तर छोटी घ्या, किंमत निम्म्यावर येईल. रोजची हवी असेल तर गडद रंग, धुता येणारं अस्तर आणि वर चेन. आणि घरी ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात ठेवा. जुनी मऊ चादर फाडून शिवलेली खोळ उत्तम.

महिन्याचं बजेट केलं, वर्षाचं राहिलं

"दहा हजार उरतात की महिन्याला," भाची म्हणाली. मी तिला जूनमधली धाकट्या भावाची फी, गाडीचा विमा, गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत येणारे पाहुणे, राखी आणि घरातलं एक लग्न एवढंच लिहायला लावलं. बाराने भागल्यावर दहा हजारांतले सहा गेले. उरलेल्या चार हजारांत पर्स बसते का, हा खरा प्रश्न होता.

बसते, हळूहळू. सगळ्या हौसेसाठी मिळून पगाराच्या ५ टक्के, हा माझा स्वतःपुरता नियम. पगार ४५,००० असेल तर २,२५०. तेवढ्यात बेचाळीस हजारांची पर्स एकोणीस महिन्यांनी येते. भाची आई-वडिलांकडे राहते, घरभाडं नाही, म्हणून तिने ३,५०० धरले. तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला नसेल, तर मात्र आधी ती साठवा.

पैसे वेगळ्या खात्यात हवेत, पगाराच्या खात्यात ते हौसेचे राहत नाहीत. अनेक जणी भिशी लावतात. चालेल, पण ओळखीतली, छोटी, आणि नंबर शेवटचा मागून घ्या. पहिला नंबर लागला तर भिशी म्हणजे उधारीच, पर्स आधी आणि हप्ते मागून. शेवटचा लागला तर ती बचत.

आधीच अडकला असाल तर

पहिलं काम : ते कार्ड वापरणं थांबवा, किराणासाठीसुद्धा. शॉपिंगच्या ॲपवर साठवलेला कार्ड नंबर काढून टाका.

पर्स वापरलेली नसेल तर परत करायची मुदत आजच तपासा. वापरली असेल आणि मन उडालं असेल, तर बिल, डबा, कापडी पिशवी, सत्यता-कार्ड असं सगळं जपून ठेवा. त्यांच्याशिवाय जुनी पर्स विकताना भाव पडतो.

बाकी मोठी असेल तर बँकेला फोन करून ती ठरावीक हप्त्यांत बदलून मागा, तो दर कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. ५-७ टक्क्यांची एफडी मोडून चाळीस टक्क्यांचं कर्ज फेडण्यात कसलाही तोटा नाही. मोडताना जिवावर येतं, तरी मोडा. सोनेतारण कर्जही कार्डापेक्षा स्वस्त पडतं, पण फेडायची तारीख ठरलेली नसेल तर दागिना बाहेर काढू नका.

आणि घरात सांगा. भाचीने सात महिने आईला सांगितलं नव्हतं. पर्स लपवणं, बिल फाडणं, कुरिअर ऑफिसच्या पत्त्यावर मागवणं हे तिला व्याजापेक्षा जास्त जाचत होतं. माझी बहीण रागावली, दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "किती राहिलेत?"

दिवाळीचा बोनस आणि एक छोटी एफडी मोडून डिसेंबरात जुनं कार्ड शून्यावर आलं. जानेवारीपासून ३,५०० ची आरडी सुरू झाली, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाते. हप्ता गेल्याचा मेसेज भाची मला पाठवते. परवा सातवा आला, खाली पर्सचा फोटो होता. दिवाळीत हवी असलेली फिकट गुलाबी तिला आता नको आहे, गडद तपकिरी बघते आहे. "आतून अस्तर कसलं आहे ते विचारलंय," असं तिने लिहिलं होतं, "डबा न्यायचाय."