बिडाच्या पाइपाला पीव्हीसी जोडताना

जुन्या इमारतीतली मोरी फोडून नव्याने करताय. सोसायटीची परवानगी, खालच्या घरी आगाऊ सूचना, डेब्रिज न्यायला गाडी: हे सगळं झालंय असं धरतो. टाइल्स, कोबा आणि जुना नहाणी ट्रॅप (मोरीच्या तोंडाशी पाणी धरून वास अडवणारा भाग) काढायला एक दिवस पुरतो. ब्रेकर स्लॅबला लागू देऊ नका, बस्स.

खरी कसोटी डक्टमध्ये, म्हणजे पाइप वरून खाली जातात त्या उभ्या पोकळीत. दादर-गिरगावकडच्या जुन्या इमारतींत मोरीचं पाणी भिंतीतून आडव्या तुकड्याने बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) उभ्या पाइपात जातं, आणि त्याचे सांधे ताग ठासून, वर शिसं ओतून केलेले असतात. आडवा तुकडा सडलेला दिसला की प्लंबर हातोडा उचलतो. त्याचा हात धरा. बीड वाकत नाही, तडकतं. तुमच्या मजल्यावरचा घाव खालच्या सांध्यात उमटतो. आधी उभ्या पाइपाला क्लॅम्प मारून आधार द्या, वरच्या मजल्यांना दोन तास पाणी सोडू नका म्हणून सांगा, मग आडवा तुकडा ग्राइंडरने सरळ कापा. धड, न सडलेला दहा सेंटीमीटर तुकडा शिल्लक हवा, जोड त्याच्यावरच बसणार. (पाइप बिडाचा नसून करड्या ॲस्बेस्टॉस सिमेंटचा निघाला, तर ग्राइंडर अजिबात नको. ती धूळ फुप्फुसात जाते.)

आता जोड. पीव्हीसी बिडाच्या तोंडात खुपसायचा आणि भोवती गोणपाट नि पांढरं सिमेंट लिंपायचं, हा उद्योग अजून सर्रास चालतो. पहिल्या खेपेला मीही चालू दिला. तीन महिने सगळं ठीक. चौथ्या महिन्यात खालच्या काकूंनी बोलावून देव्हाऱ्यावरचा ओला डाग दाखवला, आणि नव्याकोऱ्या टाइल्स फोडाव्या लागल्या. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. शिवाय गरम पाण्याने तो बिडाच्या पाचेक पट फुगतो. रोजच्या आंघोळीला पाइप जरासा सरकतो, सिमेंट मात्र जागचं हलत नाही, आणि मध्ये फट पडते.

स्टेनलेस पट्ट्यांचं रबर कपलिंग घ्या. दुकानात नुसतं 'तीन इंची द्या' म्हणू नका. बिडाचं माप आतून सांगतात, पीव्हीसीचं 75 मिमी बाहेरून. दोन्ही पाइपांना सुतळी गुंडाळून घेर मोजा, 3.14 ने भागा आणि ते आकडे घेऊन जा. बिडाच्या टोकाचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढा, कारण खपलीवर रबर चढवलं तर पाणी खपलीखालून वाट काढतं. जोड भिंतीत गाडू नका, डक्टच्या बाजूला हात पोचेल असा ठेवा. त्यासाठी परांची बांधावी लागते म्हणून प्लंबर कुरकुरेल. कुरकुरू द्या.

पीव्हीसी पाइप आयएस 13592 (भारतीय मानक) चा 'टाइप बी'च, तो सांडपाण्याचा. 'टाइप ए' पावसाच्या पाण्याचा. ढाळ मीटरला अडीच सेंटीमीटर. ट्रॅप 50 मिमी पाणी धरणारा, उथळ घेतलात तर घरात वास आणि झुरळं.

कोबा घालण्याआधी कपलिंगला कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा आणि दहा बादल्या पाणी भराभर ओता, त्यातल्या दोन गरम. कागद ओला झाला तर पट्टे आवळून पुन्हा दहा. नंतर वॉटरप्रूफिंग, आणि ट्रॅपचं तोंड बंद करून 48 तास पाणी साठवणं. त्यानंतर खालच्या घरी स्टूल घेऊन जा आणि छताला तळहात लावा. सुरुवातीची ओल डोळ्यांना दिसत नाही.