रस्ता दत्तक घेण्यावरून भांडायचं कसं

महामार्गाचा तुकडा दत्तक घ्या, महिन्यातून एकदा साफ करा, कडेला झाडं लावा, फलकावर समितीचं नाव लागेल, असं पत्र तुमच्या समितीला आलं तर ते भर सभेत वाचून दाखवू नका. मी दाखवलं. पेडण्यातल्या आमच्या छोट्या समितीचा मी चिटणीस. रुंदीकरणात झाडं तोडू नका म्हणून दोन पावसाळे आम्ही रस्त्यावर बसलो होतो, आणि आता त्याच रस्त्याचं पालकत्व! तिसऱ्या ओळीला आमच्यातले भाई उठले. "रस्तो तांचो आनी सारण आमची?" (सारण म्हणजे झाडू, गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो.) पुढचा दीड तास पत्रात काय आहे ते कुणी ऐकलंच नाही. तेव्हा झेरॉक्स काढा आणि आदल्या दिवशी घरोघरी द्या.

मग वाद घालण्याआधी तो तुकडा सगळ्यांनी चालून या. विरोध करणाऱ्यांना तर आधी न्या. आम्हाला देऊ केलेला भाग मालप्याहून पत्रादेवीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या नाक्याच्या बाजूचा, जुना राष्ट्रीय महामार्ग १७, आता ६६. सकाळी साडेसहाला निघालो. बिअरच्या बाटल्या असणार हे माहीतच होतं, पण नाका जवळ येईल तशा त्या वाढत गेल्या. हद्द ओलांडायच्या आत संपवायची घाई, दुसरं काय! काही झाकण लावलेल्या, अर्ध्या भरलेल्या. आत पावसाचं पाणी की आणखी काही, ते बघायला कुणी पुढे झालं नाही. चतुर्थीनंतरचा थर्माकोल गटारातून व्हाळात (म्हणजे ओढ्यात) उतरला होता आणि रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकून पांढरी भिंत झाली होती. वहिनींनी काठीने जरा ढोसलं, तर सगळा भुगा. साबुदाणा सांडावा तसे दाणे पाण्यावरून शेतांकडे निघाले. भाई बराच वेळ तिथेच उभे होते.

सभेत "घ्यायचा की नाही" असा एकच ठराव टाकलात तर लोक मुद्द्यावर मत देत नाहीत, माणसं बघून देतात. प्रश्नाचे तुकडे करा. भरलेली पोती कोण उचलणार? पंचायत उचलणार असेल तर तसं लेखी घ्या, नाहीतर चार दिवसांत कुत्री ती फोडून ठेवतात. कुणाला गाडीने उडवलं तर जबाबदार कोण? हेही लेखी. झाडांच्या बाबतीत मात्र आधी एक अर्ज करा. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा १ टक्का झाडं लावायला आणि जगवायला राखून ठेवायचा असं आहे. आपल्या भागातला तो पैसा कुठे गेला, हे माहिती अधिकारात १० रुपयांत विचारता येतं. उत्तर हाती येईपर्यंत रोपांचं नाव काढू नका.

खरं भांडण निघालं फलकाचं. भाई म्हणाले, उद्या इथे दरड कोसळली आणि आपण ओरडलो, तर वर आपलंच नाव लटकत असेल. हा मुद्दा मला खोडता आला नाही, अजून येत नाही.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. १९८५ साली टेक्सासमधल्या टायलर शहराजवळ एका क्लबने दोन मैल घेतले. फलकाचं दुखणंही तिकडे जुनंच. मिसुरी राज्यात वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅनने अर्ज केला, राज्याने नाकारला, आणि राज्य कोर्टात हरलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचं अपील ऐकायलाच नकार दिला. दरम्यान त्या रस्त्याला वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांचं नाव देण्यात आलं. शेवटी क्लॅनला योजनेतून काढलं ते कचरा उचलायला फिरकलेच नाहीत म्हणून. आमच्यातल्या एका पोराने हे सांगितलं तेव्हा भाई त्या सभेत पहिल्यांदा हसले.

त्यावरूनच आम्हाला कलम सुचलं. हवं तर असंच्या असं उतरवून घ्या: "काम न केल्यास करार रद्द करता येईल. समितीने या रस्त्याविषयी तक्रार, आंदोलन किंवा दावा केला, हे रद्द करण्याचं कारण होणार नाही. फलक लावू नये." या कलमासह तुकडा घ्यायचा ठराव अकरा विरुद्ध चार मतांनी झाला. हरलेल्या चौघांचं म्हणणं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहा. "काही सदस्यांनी नापसंती दर्शवली" असलं गुळमुळीत नको. भाईंचं वाक्य मी कोकणीतच उतरवलं.

आमच्या पत्राला अजून उत्तर नाही. पण त्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. रस्ता त्यांचा असेल, व्हाळ आपला आहे. मोरीच्या खालच्या अंगाला, रस्त्यापासून लांब, रविवारी सकाळी दोन तास काम करतो. लांब चिमटे आणि जाड हातमोजे घ्या, सुया आणि झाकणबंद बाटल्यांना हात लावू नका, मुलांना आणू नका. पोत्यांची तोंडं सुंभाने बांधा. नायलॉनची दोरी ओली झाली की गाठ सरकते. आमचा सुंभ भाईंच्या घरून येतो. ते स्वतः अजून येत नाहीत.