अमेरिकेतून भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण

मुदत संपायला वर्षभर उरलं की अर्ज करता येतो, आणि तेव्हाच करावा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी तर नक्कीच: पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ची (अमेरिकेत किती दिवस राहता येईल याच्या नोंदीची) तारीखही तिथपर्यंतच देतो, मग व्हिसा पुढे कितीही शिल्लक असो.

अर्ज दोनदा भरायचा असतो. आधी सरकारच्या ‘पासपोर्ट सेवा’ साइटच्या दूतावास विभागात, मग व्हीएफएसच्या (दूतावासासाठी अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या) साइटवर. पहिल्यात ‘री-इश्यू’ निवडा, ‘फ्रेश’ नव्हे. अर्ज दूतावासाकडे जाणार की एखाद्या कॉन्सुलेटकडे, हे तुम्ही राहता त्या राज्यावरून ठरतं.

आपल्याकडची मंडळी अडतात ती नावात. जुन्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये ‘सुनीता रमेश’ असेल, तर तसंच्या तसं लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळलंत की तो नावबदल ठरतो आणि वेगळे कागद लागतात.

सोबत पासपोर्टच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वसाक्षांकित प्रती, पत्त्याचा पुरावा (ड्रायव्हिंग लायसन्स, वीजबिल) आणि अमेरिकेतल्या कायदेशीर वास्तव्याचा पुरावा म्हणून आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजुरीचं पत्र), आय-२० (विद्यार्थ्यांचं प्रमाणपत्र) किंवा ग्रीन कार्डाची प्रत. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याविना. सही चौकटीच्या रेषेला टेकू देऊ नका. एवढ्याशा कारणानेही अर्ज अडकतो.

मूळ पासपोर्टही पाठवावा लागतो, त्या काळात परदेशवारी ठरवू नका. तो रद्दचा शिक्का मारून परत येतो. त्यातला अमेरिकी व्हिसा मुदतीपर्यंत चालतो. प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा, व्हिसाचं पान फाडू नका.