कुंझुमवर ब्रेक स्पंजी झाला, असा जमवला

कोल्हापुरातनं बोलेरोवर सायकली लादून स्पितीला गेलो आणि कुंझुम ला या खिंडीवरनं (४,५०० मीटरच्या वर) चंद्रताल तळ्याच्या ट्रेलला लागायच्या आदल्या संध्याकाळीच मागचा हायड्रॉलिक (ऑईलच्या दाबावर चालणारा) ब्रेक गेला, लिव्हर थेट हँडलला टेकायला लागली. दोस्त म्हणतोय पॅड बदल भावा, पण पॅड चांगले होते, ऑईल पण कुठं गळत नव्हतं. प्रवासात सायकल उलटीपालटी होऊन रिझर्व्हॉयरमधली (लिव्हरजवळच्या ऑईलच्या टाकीतली) हवा पाईपात शिरली की असंच होतंय.

ब्लीड किट (ब्रेकमधली हवा काढायचं सामान) तिथं कुठनं मिळणार! मग पुढचं चाक दगडावर चढवून लिव्हर सगळ्यात उंच राहील अशी सायकल उभी केली, कॅलिपरपासनं (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) वरपर्यंत पाईपला टिचक्या मारत लिव्हर हळूहळू दाबत राहिलो आणि रात्रभर जुन्या ट्यूबच्या पट्टीनं ती दाबून बांधून ठेवली. बुडबुडे वर सरकतात. सकाळी लिव्हर कडक, नाद खुळा!

ऑईल गळत असेल तर हा जुगाड चालत नाही. आणि मिनरल ऑईलच्या ब्रेकमध्ये गाडीचं ब्रेक ऑईल (डॉट फ्लुईड) अजिबात ओतू नका, सील फुगून बाद होतात. टायरचं पण बघा, उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्यानं कोल्हापुरात भरलेले २५ पीएसआय तिथं तीसच्या आसपास दाखवतात, थोडी हवा सोडा.